न्यायाधीशपदाची निवडणूक : पक्ष नाही, मग मत कशावर?

संपादक महोदय,

अमेरिकेत एखादी मराठी व्यक्ती न्यायाधीशपदाला उभी राहिली की आपल्याकडच्या बातमीत तिचा पक्ष हटकून छापला जातो. कॅलिफोर्नियापुरतं तरी हे चूक आहे. तिथे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) सुपीरिअर कोर्टाचे, जिथे खटले प्रथम चालतात, न्यायाधीश सहा वर्षांसाठी मतदार निवडतात आणि राज्यघटनेनेच ही निवडणूक पक्षविरहित ठेवली आहे. (प्रत्यक्षात बरेच जण रिकाम्या जागेवर राज्यपालांच्या नेमणुकीने येतात. पुढे त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही, तर सहसा त्यांचं नाव मतपत्रिकेवर येतही नाही.)

पक्ष नाही म्हणून राजकारण नाही, असं मात्र समजू नये. मतदारासमोर असतं उमेदवाराचं नाव आणि त्याखाली व्यवसायाची एक ओळ, तीही साधारण तीन शब्दांची. सगळी ओढाताण त्या ओळीसाठी. लॉस एंजेलिसमध्ये सरकारी वकील आपलं साधं पदनाम सोडून, आपण खून-टोळीयुद्धाचे खटले चालवतो हे ठसवणारी बिरुदं लावत. 2017 च्या कायद्याने त्याला चाप बसला. आता सरकारी नोकरीतल्या वकिलाने नेमकं पदनाम शहराच्या किंवा काउंटीच्या नावासह लिहायचं, नाहीतर नुसतं ‘वकील’. ओळीवर आक्षेप असेल तर मतदार कोर्टात जाऊ शकतो आणि प्रतिस्पर्धी ती संधी सोडत नाहीत. म्हणून त्या ओळीचे पुरावे अर्ज भरण्याआधीच गोळा करून ठेवावे लागतात.

दुसरी गोष्ट आडनावाची. 2006 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जिंट्रा जानाव्ह्स या सुमारे वीस वर्षं काम केलेल्या न्यायाधीश हरल्या. स्थानिक वकील संघटनेने त्यांना सर्वोच्च श्रेणी दिली होती. प्रतिस्पर्धी बेगलचं (कड्याच्या आकाराच्या पावाचं) दुकान चालवणाऱ्या वकील होत्या. लॅटव्हियन नावच नडलं, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. राज्यपाल श्वार्झनेगर यांनी त्यांना पुन्हा नेमलं, ही गोष्ट वेगळी. कुलकर्णी, गायकवाड यांनी हे गृहीत धरूनच उतरावं.

आता कागदपत्रं. किमान दहा वर्षं राज्याच्या बारचं (वकिलांच्या अधिकृत संस्थेचं) सदस्यत्व हवं. पण माणूस अडकतो तो तारखांत. इतर पदांना नसलेली एक पायरी इथे आहे : उमेदवारी अर्जांची मुदत सुरू होण्याच्या 14 ते 5 दिवस आधी ‘इरादापत्र’ द्यावं लागतं. मुख्य अर्जाची तारीख पाहत बसणारा इथेच बाद होतो. फी वार्षिक पगाराच्या 1 टक्का, म्हणजे दोन हजार डॉलरच्या वर. ती याच वेळी भरायची आणि परत मिळत नाही. मोठ्या काउंटीत प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि इरादापत्रात तो लिहावा लागतो. त्यामुळे कोण कुठल्या क्रमांकावर उतरतंय हे पाहत अनुभवी मंडळी शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात.

अर्जावर 20 ते 40 मतदारांच्या सह्या लागतात. वीसच घेऊन जाऊ नये. सही करणारा त्याच काउंटीचा नोंदणीकृत मतदार हवा आणि पत्ता मतदारयादीशी जुळायला हवा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात फिरवलेल्या कागदावर निम्म्या सह्या ग्रीन कार्डवाल्यांच्या निघाल्या, तर त्या बाद.

पैशाच्या बाबतीत आपल्या लोकांनी जास्तच जपावं. परदेशी नागरिकांची देणगी अमेरिकी कायद्याने स्थानिक निवडणुकीतही बंद आहे. पुण्याच्या मामाने कौतुकाने पाठवलेले पैसे चालणार नाहीत, एच-1बी वर असलेल्या मित्राचेही नाहीत. ग्रीन कार्डधारकाचे चालतात. सहीचं उलट, तिथे तो चालत नाही. 100 डॉलर किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. त्या रकमेपासून पुढे देणाऱ्याचा व्यवसाय आणि मालकाचं नावही नोंदवावं लागतं. वकिलांकडून देणगी मागता येते, पण एका वकिलाकडून किंवा पक्षकाराकडून 1,500 डॉलरहून जास्त घेतले, तर पुढची सहा वर्षं त्याच्या खटल्यातून न्यायाधीशाला बाजूला व्हावं लागतं. लहान काउंटीत हे फार अडचणीचं ठरतं.

मतदार पुस्तिकेतलं 200 शब्दांचं निवेदन स्वखर्चाने छापावं लागतं आणि लॉस एंजेलिससारख्या काउंटीत तो खर्च दहा हजार डॉलरांच्या कितीतरी पुढे जातो. एकदा दिलेलं निवेदन मागे घेता येतं, बदलता येत नाही. त्यात प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख चालत नाही. ‘घरफोड्यांना सोडणार नाही’ असलं आश्वासन तर प्रचारात कुठेच देता येत नाही. कोर्टापुढे येऊ शकणाऱ्या प्रश्नावर आधीच शब्द देणं आचारसंहितेत बसत नाही, आणि त्या आचारसंहितेचा अभ्यासक्रम उमेदवाराला सक्तीचा आहे.

मत देणाऱ्या नातेवाइकांना एवढंच सांगावं : घरी येणाऱ्या शिफारशींच्या छापील कार्डांत नावापुढची तारांकनाची (*) खूण बघा, ती जागा पैसे देऊन घेतल्याची असते. त्यापेक्षा वकील संघटनेची श्रेणी पाहावी.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती : बातमी देताना पक्षाऐवजी काउंटी, जागेचा क्रमांक आणि फेरी कुठली ते छापा. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल लागतो, नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरला पुन्हा समोरासमोर येतात. पहिल्या फेरीत ‘सर्वाधिक मतं’ म्हणजे विजय नव्हे.

— एक वाचक, लॉस एंजेलिस काउंटी