नानांची गोळी आणि खलबत्ता

प्रिय मेघे,

फोनवर हे बोलता आलं नसतं, नाना शेजारच्याच खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून चांगले तिखट आहेत, म्हणून टाइप करतेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तू नाही हसणार, काकूंच्या वेळचं सगळं तू काढलंयस.

तब्येती म्हणशील तर मी बरी, गुडघा तसाच, आई ठीक. नानाही आता बरे आहेत, पण मधे पोटाने फार बेजार झाले होते. जुलाब, मळमळ, तोंडाला सतत लोखंडासारखी चव, जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. आम्हाला वाटलं काहीतरी बाधलं असेल. मग मी औषधांचा कप्पा आवरायला घेतला तर मागच्या बाजूला आईचा छोटा खलबत्ता, तळाला पांढरी पूड चिकटलेली. हे काय म्हणून विचारलं तर नाना गप्प, शेवटी आईच म्हणाली, "अगं, ते गोळी कुटून घेतात."

शुगरची मेटफॉर्मिन, तिची एसआर म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी गं! हजार मिलिग्रॅमची! कुटून!

कारण ऐक. त्यांना म्हणे शौचात गोळी जशीच्या तशी दिसायची. मग त्यांनी हिशोब केला की विरघळत नाही म्हणजे लागू पडत नाही, तर आपणच बारीक करून घेऊ. मेघे, यात त्यांचं काय चुकलं सांग मला? ज्याला कुणी काही सांगितलंच नाही तो माणूस हाच विचार करणार. एसआर गोळीतलं औषध तासन्‌तास हळूहळू बाहेर झिरपतं आणि मागे राहिलेलं मऊ, फुगलेलं टरफल तसंच निघून जातं, दिसायला अख्खी गोळी पण आतलं औषध केव्हाच अंगात गेलेलं. कुटली की ती हळूहळूची सोयच मोडली, सगळा डोस एकदम पोटात, आणि मेटफॉर्मिन पोटालाच सगळ्यात जास्त त्रास देतं. म्हणून तर ते लहान डोसपासून वाढवत नेतात, जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. "कुटू नका, चावू नका, टरफल दिसलं तर घाबरू नका" एवढी तीन वाक्यं बोलायला कुणाला किती वेळ लागला असता? याचा मला अजूनही राग येतो.

आता तू म्हणशील "मी सांगत होते, गोळ्या त्यांच्या हातात देऊ नकोस." तेव्हा आपलं केवढं वाजलं होतं, बेबीमावशी मधे पडली म्हणून बरं. पण माझं मत तेच आहे गं. काकूंची गोष्ट वेगळी होती, त्यांना ग्लिमेपिराइड होती, ती इन्सुलिन जास्त सोडायला लावते, गोळी घेऊन जेवण राहिलं की शुगर धाडकन खाली. त्या रात्री त्या घामाने भिजल्या होत्या, हात थरथरत होते आणि तू चमच्याने साखरपाणी पाजत होतीस ते मी विसरले नाहीये. मेटफॉर्मिन एकटी असेल तर सहसा शुगर तेवढी पाडत नाही. तिचं भय दुसरीकडे आहे.

ती किडनीवाटे बाहेर पडते. ती किडनी खराब करते असं सगळे म्हणतात ते उलटं आहे, किडनी कमजोर असली तर ती अंगात साठते. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती चालते त्याचा रक्ततपासणीतला आकडा, 30 च्या खाली गेला तर देतच नाहीत, 30 ते 45 मधे असेल तर डोस सहसा कमी करतात. नानांचा एरवी पन्नाशीच्या वर असतो, पण जुलाबाने अंगातलं पाणी गेलं आणि रिपोर्ट आला 38. म्हणजे बघ, कुटल्यामुळे जुलाब, जुलाबामुळे किडनीवर ताण, आणि किडनी थकलेली असताना रोज पुन्हा तीच गोळी. डॉक्टरांनी लगेच थांबवली, पाणी भरून काढलं, रिपोर्ट जागेवर आल्यावर परत सुरू केली. लॅक्टिक ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात लॅक्टिक ॲसिड साठणं, फार क्वचित होतो हे मला माहितीये, पण त्या रात्री मी त्यांच्या दाराशी बसून श्वास मोजत होते, जोरजोरात, खोल श्वास लागतोय का, पायात गोळे येतायत का, फार गळून गेलेत का. तू असतीस तर मला ओढून झोपायला नेलं असतंस आणि स्वतः बसली असतीस.

आणि नानांच्या पायाच्या मुंग्या! आम्ही सगळे शुगरमुळेच म्हणत होतो, बी12 व्हिटॅमिन तपासलं तर चांगलंच कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की हे होऊ शकतं, ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2022 मधे मुद्दाम सूचना काढली होती. आता बी12 चालू केलंय.

गंमत म्हणजे गोळी परत सुरू करायला नाना तयारच नव्हते, "ही केमिकलं नकोत." मग मी त्यांना सांगितलं की हिचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका झुडपात आहे, 1957 मधे झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने ती मधुमेहाला वापरली, आणि जिच्यामुळे हिची एवढी बदनामी झाली ती फेनफॉर्मिन, त्याच जातीची पण जास्त धोक्याची, 1970 च्या दशकात बऱ्याच देशांनी बंद केली. जुना इतिहास म्हटल्यावर नाना खूश, आता येईल त्याला झुडपाची गोष्ट ऐकवतात.

पण मेघे, माझी खरी काळजी वेगळीच आहे. त्यांनी हे लपवलं. शौचात गोळी दिसली हे मुलीला कसं सांगायचं म्हणून संकोच, आणि मी ओरडेन ही भीती. मग अजून काय काय लपवत असतील? चक्कर येत असेल, एखादी गोळी चुकत असेल, दोन घेत असतील. डबा माझ्या ताब्यात घेतला तर गोळ्या मोजून मिळतील पण बोलणं आणखी बंद होईल, एवढं मी त्यांना ओळखते. तुझ्याशी मात्र ते बोलतात, लहानपणापासून तुझंच ऐकतात. तर तू रविवारी त्यांना फोन कर ना, माझं नाव न काढता, काकूंच्या गोळ्यांचं काहीतरी बोल आणि त्यांच्याकडून काढून घे.

तुझी बदली झाली का? पिल्लूचा रिझल्ट? आणि संजूचा सीटी स्कॅन आहे म्हणालीस, कॉन्ट्रास्ट (स्कॅनमधे नीट दिसावं म्हणून टोचतात ते औषध) देणार असतील तर मेटफॉर्मिन चालू आहे हे आधीच सांगायला सांग, किडनी कमी चालत असेल तर त्या दिवशी थांबवतात आणि 48 तासांनी किडनीची क्रिएटिनिन तपासणी बघून परत सुरू करतात. विसरू नकोस, तो स्वतः काही सांगायचा नाही.

तुझी,
वैशू