बाकड्यावरचे पहिले तीन महिने : शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर परिसरातील कारखानदार, मेस्त्री, आमच्याकडून शिकून गेलेले उमेदवार आणि या गावच्या कारखानदारीविषयी आस्था बाळगणाऱ्या सर्वांपुढे आमच्या प्रशिक्षण केंद्राची अडचण मांडून मदत मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आमच्याकडे दहावी किंवा बारावी झालेली, आयटीआयमध्ये न गेलेली मुले-मुली येतात. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून उभे राहण्याआधी त्यांना सुमारे तीन महिने, म्हणजे पाचशे तास, मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते आणि तेवढेच आमचे काम आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हाती एक कानस आणि लोखंडाचा ओबडधोबड तुकडा दिला जातो. तो व्हाइसमध्ये (बाकड्यावरच्या शिकंज्यात) आवळून त्याची एक बाजू सपाट करायची आणि मग तिच्याशी काटकोनात दुसरी बाजू आणायची. गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून तुकडा खिडकीकडे धरला की पाते आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसते. ती रेघ नाहीशी होईपर्यंत घासत राहायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी तळहाताला फोड येतात आणि काही मुले याच टप्प्यावर घरी बसतात. जी टिकतात, त्यांना पुढे लेथवर (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) उभे केले की हत्याराचा दाब किती द्यायचा, हे फार समजावून सांगावे लागत नाही.

हे शिक्षण कारखान्यातच का देता येत नाही, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. मोठ्या कंपनीत ते देता येते. शिकाऊ उमेदवार कायदा 1961चा असून 2019मधील दुरुस्तीनंतर तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उद्यमनगर या कोल्हापुरातील कारखान्यांच्या वसाहतीतील बहुतेक शेड मात्र आठ-दहा माणसांचे आहेत. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेसाठी उमेदवार घेणे ऐच्छिक आहे, त्यामुळे आमच्या मुलांची जागा सर्वस्वी मालकाच्या इच्छेवर आणि हातातल्या कामावर अवलंबून राहते. जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्यांचे सुटे काम) करणाऱ्या मालकाला नवख्या मुलासाठी तीन महिने मशीन अडवून ठेवणे परवडत नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. एका शेडमध्ये आमचा मुलगा प्रशिक्षणाशिवाय थेट पाठवला गेला, तेव्हा त्याला वर्षभर बुरादा झाडणे आणि कास्टिंग वाहून नेणे यापलीकडे काही मिळाले नाही. त्या मुलाकडे आजही व्यवसायाचे प्रमाणपत्र नाही, याची आम्हाला खंत आहे.

गेल्या काही वर्षांत हे केंद्र चालू ठेवणे सोपे राहिलेले नाही. ऑगस्ट 2019च्या महापुरात पंचगंगा धोक्याच्या 43 फुटांच्या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि आमच्या सखल भागातील शेडमध्ये पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर लेथच्या बेडवरचा गाळ खरवडून, सगळ्या स्लाइड रॉकेलने धुऊन काढण्यात कित्येक दिवस गेले. मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे साधन) मात्र एकही वाचला नाही. ते काम जेमतेम पुरे होते तोच मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली. लेथ फोनवर शिकवता येत नाही, परंतु मापन शिकवता येते हे तेव्हा ध्यानात आले. आमचे निदेशक, म्हणजे शिकवणारे, व्हर्निअर या मापपट्टीवर माप लावून त्याचा फोटो गटावर टाकत, मुले वाचन करून कळवत आणि चुकलेल्याला दुसरा फोटो जाई. ड्रॉइंग वाचण्याचा भागही असाच पार पडला. ती पद्धत आम्ही पुढेही सोडली नाही, कारण शेडमधले तास त्यामुळे मशीनसाठी मोकळे राहतात. जुलै 2021मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा मोजमापाची पेटी माळ्यावर होती आणि मोटारी उंच चौथऱ्यावर बसवलेल्या होत्या.

याशिवाय आम्ही एक व्यवस्था बसवली आहे. एकट्याने उमेदवार घेणे ज्यांना झेपत नाही अशा शेजारच्या शेडमालकांशी आम्ही एकत्र बोलणी करतो. करार एका आस्थापनेशी होतो, परंतु मूलभूत प्रशिक्षण आमच्याकडे आणि कागदपत्रे व सरकारी शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरील नोंदणीचे कामही आमच्याकडे राहते. कागदपत्रांचा धसका गेला की लहान मालक तयार होतो, असा आमचा अनुभव आहे.

तरीही पैशांचा मेळ बसत नाही. केंद्र सरकारच्या 2016च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत मूलभूत प्रशिक्षणासाठी दर उमेदवारामागे कमाल 7,500 रुपये धरलेले होते; लोखंड, कटिंग टूल, वीज आणि निदेशकाचे मानधन यांचा आजचा खर्च तेवढ्यात भागत नाही. विद्यावेतनात सरकार पंचवीस टक्के, कमाल 1,500 रुपये वाटा उचलते आणि ऑगस्ट 2023 पासून ती रक्कम थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होऊ लागली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र त्या योजनेत मूलभूत प्रशिक्षणाच्या काळासाठी हा वाटा धरलेला नव्हता आणि आमच्या मुलांच्या हातात आजही त्या तीन महिन्यांत पैसा येत नाही. पन्हाळा तालुक्यातील एका वाडीवरून येणारी मुलगी सकाळच्या पहिल्या एसटीने निघते. घरून निघताना भाकरी बांधून आणते, पण भाड्याचे पैसे संपले की आठवडाभर येत नाही. आमच्या गळतीचे मोठे कारण हेच आहे, मुलांची अनास्था नव्हे.

म्हणून आम्ही सर्वप्रथम प्रवासभाडे आणि दुपारच्या जेवणासाठी मदत मागत आहोत. एका उमेदवाराचा तीन महिन्यांचा भार एखाद्या कुटुंबाने, भिशी मंडळाने किंवा तालमीने उचलला तरी एक जागा टिकते.

दुसरी गरज यंत्राची आहे. उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत बहुतेक कामे आता सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्रांवर, गेली असून आमच्याकडे अद्याप साधे लेथच आहेत. नवे यंत्र घेण्याची आमची ऐपत नाही, पण एखाद्या कारखान्याने बदललेले जुने सीएनसी लेथ चालू स्थितीत मिळाले तर मुलांना प्रोग्राम लिहून तो प्रत्यक्ष चालवून पाहता येईल. फाउंड्री (धातूचे ओतकाम) आणि मशीन शॉपमधील उरलेले तुकडे, वापरलेली पण धार लावता येण्याजोगी टूल, जुने व्हर्निअर व मायक्रोमीटर हेही आम्हाला हवे आहे. भंगाराच्या भावात जाणारा माल आमच्याकडे महिनाभर सरावाला पुरतो.

निवृत्त मेस्त्रींना आमची विनंती वेगळी आहे. ऑइल इंजिनांचा काळ ज्यांनी स्वतःच्या हातांनी घडवला, ते आज घरी आहेत. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने चित्रपटाचा कॅमेरा ज्या गावात तयार केला, त्या गावात हाताने शिकवणाऱ्यांचा तुटवडा पडावा हे आम्हाला पटत नाही. आठवड्यातून दोन तास येऊन मुलांच्या शेजारी उभे राहिलात, कानस कशी धरायची एवढे दाखवलेत, तरी पुष्कळ होईल.

रोख रक्कम व धनादेश केंद्राच्या कार्यालयात स्वीकारले जातील आणि प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल. यंत्र किंवा माल देणाऱ्यांनी केवळ निरोप द्यावा, उचलून आणण्याची व्यवस्था आम्ही करू. पुढची तुकडी जूनमध्ये, दहावी-बारावीच्या निकालांनंतर सुरू होते. पावसाळ्यापूर्वी शेडच्या पत्र्यांची दुरुस्तीही करायची आहे, त्यामुळे मेअखेरपर्यंत मदत पोहोचल्यास तिचा पूर्ण उपयोग होईल. देणगी देण्याआधी काम पाहायचे असल्यास कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर यावे, त्या वेळी मुले बाकड्यावर असतात.

आपले,
विश्वस्त मंडळ व निदेशक,
शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण केंद्र, कोल्हापूर