कापसाच्या प्रश्नाला पंधरा दिवस थांबता येत नाही

प्रति,
माननीय संसदीय कार्य मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : परराष्ट्र व्यापाराशी निगडित निर्णयांवर खासदारांना वेळेत प्रश्न विचारता यावेत, याबाबत.

महोदय,

मी नागपूरचा रहिवासी असून महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. काटोल तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. तिच्यात थोडा कापूस आणि संत्र्याची बाग आहे. मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार असते आणि ही जबाबदारी रोज तपासली जाते ती प्रश्नोत्तराच्या तासात, हे वाक्य मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. गेल्या वर्षीच्या कापूस हंगामात या वाक्याला तारखा लावून पाहिल्या आणि हे पत्र लिहिणे भाग पडले.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. संसदेचे पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते; म्हणजे निर्णय झाला त्याच दिवशी त्यावर नेहमीच्या मार्गाने प्रश्न विचारण्याची त्या अधिवेशनातली संधी संपलेली होती. २८ ऑगस्टला ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा संसद बंद होती. पुढे हिवाळी अधिवेशन सुरू झाले ते १ डिसेंबरला. दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडे सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून वेचणीला सुरुवात होते, दिवाळीपर्यंत खेडा खरेदीचे व्यापारी काटा घेऊन दारात उभे असतात, आणि ज्याला उधारी फेडायची आहे तो शेतकरी भाव चढण्याची वाट पाहत कापूस घरात ठेवू शकत नाही. मंत्र्यांना प्रश्न विचारता येण्याची वेळ आली तोवर अशा शेतकऱ्याचा कापूस जिनिंगमध्ये जाऊन त्याची रुई आणि सरकी वेगळी झालेली होती.

निर्णय चुकीचा होता हे ठरवण्यासाठी मी लिहीत नाही. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांवर त्याचा थेट घाला होता, आणि त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा ही सरकारची भूमिका समजण्यासारखी आहे. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड कारागिराची चूल पेटती राहावी याबद्दल विदर्भातला कोणताही शेतकरी तक्रार करणार नाही. पण वॉशिंग्टनशी चाललेल्या ताणाताणीचा एक हप्ता काटोल-हिंगणघाटच्या कापसाने भरायचा असेल, तर तो भरण्यापूर्वी कोणीतरी कोणालातरी चार गोष्टी विचारायला हव्या होत्या. कृषी मंत्रालयाचे मत घेतले होते काय? मुदतवाढ नेमकी नव्या कापसाच्या आवकेच्या महिन्यांतच का? मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये क्विंटल हा हमीभाव जाहीर केलेला असताना, बाजार त्याखाली गेल्यास भारतीय कपास निगमाची खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीपासून उघडतील काय? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे असतीलही, परंतु ती उपयोगाची असतील त्या काळात द्यावी लागतील अशी सोयच नव्हती.

सोय नव्हती असे म्हणताना नियमांवर अन्याय होऊ नये. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुदतीचा अल्पसूचना प्रश्न नियमांत आहे, पण तो स्वीकारायचा की नाही हे संबंधित मंत्र्यांच्या संमतीवर अवलंबून असते. ज्याला उत्तर द्यायचे त्यानेच प्रश्नाला परवानगी द्यायची, ही रचना मी विद्यार्थ्यांना समजावून सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरून हमखास हसू यायचे. सीमाशुल्काच्या अधिसूचना कायद्याप्रमाणे दोन्ही सभागृहांपुढे ठेवाव्या लागतात हेही खरे आहे. मात्र कागद पटलावर ठेवला गेला म्हणजे त्याची विचारपूस झाली असे होत नाही.

दुसरी अडचण खात्यांची आहे. कापसाच्या शुल्कमाफीची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची, गरज वस्त्रोद्योगाची, वाटाघाटी वाणिज्य मंत्रालयाच्या आणि झळ कृषी मंत्रालयाच्या वाट्याची. लोकसभेत मंत्रालयांचे गट पाडून वार ठरवलेले असतात, प्रश्न एकाच मंत्र्याला विचारायचा असतो, आणि विषय दुसऱ्या खात्याचा आहे असे वाटले तर तो तिकडे वर्ग होतो. दिवसाला वीस तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठीचे प्रश्न यादीत येतात, त्यांतल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तराचा मान मिळतो, आणि खरी झाडाझडती त्या उत्तरावर लगेच विचारल्या जाणाऱ्या पुरवणी प्रश्नात असते. बाकीच्यांची बोळवण लेखी उत्तरावर होते. त्यात प्रत्येक खाते आपापल्या बांधापर्यंतच नांगरते.

संत्र्याच्या बाबतीत हा अनुभव आमच्या भागाने आधीच घेतला आहे. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक. त्या देशाने आयात शुल्क वाढवत २०२३ पर्यंत किलोमागे ८८ टका (बांगलादेशी चलन) इतके नेले आणि बागांतला माल देशातल्याच बाजारात कोसळत्या भावाने विकावा लागला. राज्य सरकारने निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले, पण परदेशाने लावलेल्या शुल्कावर विधानसभेत उत्तर मिळू शकत नाही, कारण तो विषय राज्याचा नाही. आणि दिल्लीत विचारावे तर तो परराष्ट्र धोरणाचा, व्यापाराचा की फलोत्पादनाचा, येथून सुरुवात होते. झाडाखाली पडलेल्या संत्र्यावर कोणत्या खात्याचे नाव आहे हे बागायतदाराला वाचता येत नाही.

परराष्ट्र व्यवहारांत मंत्री बहुधा प्रश्नापेक्षा निवेदनाचा मार्ग पसंत करतात. डिसेंबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी भारत-चीन संबंधांवर लोकसभेत सविस्तर निवेदन केले, आणि तेथील नियमाप्रमाणे निवेदनावर लगेच प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेत मात्र स्पष्टीकरणे मागण्याची प्रथा आहे, तेथे सदस्यांनी ती मागितली आणि मंत्र्यांनी उत्तरेही दिली. त्याने देशाचे कोणतेही गुपित फुटले नाही. उलट २०२० च्या पावसाळी अधिवेशनात, गलवानचा संघर्ष होऊन जेमतेम तीन महिने झालेले असताना, महासाथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला होता. लेखी उत्तरे सुरू होती. पुरवणी प्रश्न नव्हता.

बिनप्रश्नांची अधिवेशने आम्हा नागपूरकरांना नवी नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. डिसेंबर २०२४ मध्ये ३९ मंत्र्यांचा शपथविधी नागपुरात झाला आणि खातेवाटप झाले ते अधिवेशन संपल्यावर, म्हणजे सहा दिवस मंत्री होते, पण कोणत्या खात्याचे ते कोणालाच माहीत नव्हते. एरवी विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या छापील यादीत ‘असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या ओळीसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर वाचून आमची हयात गेली. त्यामुळे दोष एकाच पक्षाचा किंवा एकाच सभागृहाचा आहे असा माझा दावा नाही. संसदेच्या २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास दिवसामागून दिवस घोषणाबाजीत बुडाला, त्याचा जाब विरोधी बाकांनाही द्यावा लागेल.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे आणि तिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. अधिवेशन चालू असताना शेतमालाच्या आयात-निर्यातीवरील शुल्क, बंदी किंवा सवलतीची अधिसूचना निघाल्यास, तिच्यावरील अल्पसूचना प्रश्नाला संमती देण्याचा संकेत आपण सहकारी मंत्र्यांकडून मान्य करून घ्यावा. ती अधिवेशनाबाहेर निघाल्यास पुढील अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात संबंधित सर्व खात्यांच्या वतीने एका मंत्र्याने निवेदन करावे आणि लोकसभेतही त्यावर स्पष्टीकरणे विचारू देण्यास सरकारची हरकत नसल्याचे अध्यक्षांना कळवावे. परकीय राष्ट्राशी चाललेल्या वाटाघाटींतले जे उघड करता येत नाही ते मंत्र्यांनी तसे स्पष्ट सांगून राखून ठेवावे; ‘सांगता येणार नाही’ हे उत्तर आम्ही ऐकून घेऊ, पण ते सभागृहात, वेळेवर आणि मंत्र्यांच्या तोंडून यावे.

या पत्राची एक प्रत आमच्या भागाच्या खासदारांना देत आहे. पुढील अधिवेशनात हा विषय तारांकित प्रश्न म्हणून मांडण्याचे त्यांनी ठरवले, तर सूचनेच्या पंधरा दिवसांचा हिशेब त्यांना आजच करावा लागेल.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त प्राध्यापक आणि कापूस उत्पादक,
नागपूर