ओल्ड कोर्स ‘हुबेहूब’ नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गेममधील सेंट अँड्र्यूजच्या कोर्समध्ये दुरुस्ती करावी, अन्यथा रक्कम परत मिळावी.

महोदय,

तुमच्या गोल्फच्या व्हिडिओ गेममधला, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स (गोल्फचं मैदान) मी गेल्या महिन्यात 1,299 रुपये जादा भरून घेतला. ‘जमिनीचा प्रत्येक चढउतार लेझर स्कॅनने टिपलेला’ असं जाहिरातीत होतं. त्या एका वाक्यावर मी पैसे भरले.

माझ्या वडिलांनी येरवड्याच्या कोर्सवर तीसेक वर्षं गोल्फ खेळला. स्कॉटलंडला जायचं राहून गेलं आणि आता गुडघे साथ देत नाहीत. मी शिकायला डंडीला होतो, तिथून सेंट अँड्र्यूज जवळच. ओल्ड कोर्सवर रविवारी एरवी खेळ बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. मीही कितीतरी रविवार तो पायी पालथा घातलाय. टीव्हीवर तो माळासारखा सपाट दिसतो, पण चालताना दर चार पावलांवर पाय खाली तरी जातो नाहीतर वर तरी. बाबांना तेच दाखवायचं होतं.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही 18व्या होलवर पोचलो. ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढ्यात डावीकडे जो खोलगट भाग आहे, त्याला ‘व्हॅली ऑफ सिन’ म्हणतात. 1995मध्ये ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेत कोस्तांतीनो रोका या खेळाडूचा चेंडू तिथेच अडकला होता, आणि मग साठेक फुटांवरून पट (जमिनीलगत घरंगळवायचा फटका) मारून त्याने जॉन डेलीला बरोबरीत गाठलं. तो पट बाबांना आजही डोळ्यांपुढे दिसतो. तुमच्या गेममध्ये त्याच जागेवरून त्यांनी हलकेच पट मारला, तर चेंडू कॅरमच्या सोंगटीसारखा सरळ घरंगळत होलपाशी गेला. बाबांनी रिमोट खाली ठेवला. “अरे, इथे तर खड्डाच नाही,” एवढंच म्हणाले.

17व्या होलची गत त्याहून वाईट. त्याचं नावच ‘रोड होल’! ग्रीनमागचा रस्ता आणि त्यापलीकडची दगडी भिंत हे तिथले खरे वैरी. तो रस्ता कोर्सचाच भाग आहे, चेंडू पडेल तिथूनच मारावा लागतो. 1984मध्ये टॉम वॉटसन तिथेच भिंतीजवळ अडकला आणि ओपन सेवे बालेस्टेरोसने जिंकली. तुमच्याकडे चेंडू रस्त्यावर गेला की ‘आउट ऑफ बाउंड्स’ (हद्दीबाहेर) येतं, वर एक शॉटचा दंड! त्या होलचा सगळा थरारच यात निघून गेला.

आणि जोडग्रीन? ओल्ड कोर्सवर सात ग्रीन दोन-दोन होल्समध्ये वाटलेली आहेत आणि त्या दोन्ही होल्सच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी 18 येते. पाचव्याला तेरावा, सहाव्याला बारावा. तुम्ही पाचव्याच्या ग्रीनमध्ये मधोमध उंच गवताची पट्टी घातलीत, तेराव्याचा झेंडा तिथून दिसतही नाही. हे स्कॅनमध्ये आलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. कुणीतरी सोयीसाठी हाताने केलेलं आहे.

तुमच्या ग्राहक सेवेला मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: ‘खेळण्याच्या अनुभवासाठी किरकोळ बदल केले आहेत.’ हे बदल किरकोळ नाहीत. ओल्ड कोर्सवर जमीनच खेळते, आणि तुम्ही तीच काढून घेतली आहे. ज्यांना तिथे कधी जाता येणार नाही, त्यांनी तुमच्या शब्दावर भरवसा ठेवला होता.

माझी मागणी अशी: तिन्ही ठिकाणं 15 दिवसांत दुरुस्त करा किंवा कधी करणार ते लेखी कळवा. ते जमत नसेल, तर 1,299 रुपये परत करा आणि जाहिरातीतलं ते वाक्य काढा. उत्तर न आल्यास दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915वर, तक्रार नोंदवेन.

पैसे परत घेण्यापेक्षा दुरुस्ती झालेली मला हवी आहे. बाबा अजून रोज संध्याकाळी अपडेट आला का विचारतात.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत: पावतीची प्रत, 5व्या, 17व्या आणि 18व्या होलचं स्क्रीन रेकॉर्डिंग