मीठ टाकून बघितलंस का?

वाई,
गुरुवार, रात्र

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा फोन आईनं स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. फिल्टरवाला आला, त्यानं ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. चार कांड्यांचं यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवून बटण दाबलं आणि मिनिटभरात नळाचं पाणी चहासारखं झालं, वर गाळ तरंगायला लागला. ‘अण्णा, चिनू हे पाणी पितोय!’ असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज खरंच कापत होता. मशीन अठरा हजारांचं, रविवारपर्यंत बुक केलं तर दोन हजार सूट. मी फोनवर काही बोललो नाही. बोललो असतो तर आपलं वाजलं असतं, आणि मग तुझ्या आईनं मला रात्रभर झोपू दिलं नसतं. म्हणून लिहितो.

हा खेळ मी पाहिलाय. गेल्या दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंकडे असाच एक टाय लावलेला मुलगा आला होता. त्यांनी मला हाक मारली, कारण गावात अजून माझी ओळख ‘आरोग्य खात्यातले’ अशीच आहे. पाणी तपकिरी झालं तसा काकूंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, थांब बाळ. आत जाऊन मिठाचा डबा आणला आणि त्याच्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. आता बुडव म्हटलं कांड्या. तो म्हणाला, ‘काका, असं नसतं करायचं.’ मी विचारलं, का रे, मीठ तर आपण रोज खातो. तो काही हात लावेना. शेवटी काकूंनीच बटण दाबलं. त्याचं ते शुद्ध पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही काळं झालं.

त्या कांड्यांमध्ये एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. तू जो गाळ पाहिलास तो त्या कांडीचा. मशीननं क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज नीट वाहतच नाही, म्हणून कांडी झिजत नाही आणि ग्लास स्वच्छ राहतो. एवढंच आहे ते. त्या मुलाला नंतर आम्ही चहा पाजला. बी.एस्सी. झालेला होता, तेही केमिस्ट्री घेऊन. त्याला सगळं माहीत होतं. महिन्याची मशीनं खपली नाहीत तर पगार कापतात म्हणाला. मला त्याचा राग नाही आला.

तू चार वर्षांची असताना गणपती दूध प्यायला होता, आठवतं का? २१ सप्टेंबर १९९५. आमच्या दवाखान्यातली ओपीडी ओस पडली होती आणि देवळापुढे चमचे घेऊन रांग. संध्याकाळी तुझ्या आजीसमोर मी पाट्यावरच्या वरवंट्याला चमचा लावला, तर तोही दूध प्यायला. ओल्या दगडाला चमच्याची कड टेकली की दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. आजी म्हणाली, ‘मग वरवंट्यातही देव असेल.’ तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण एक गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली. चमच्यातलं दूध खरोखरच कमी होत होतं. लोकांचे डोळे खोटं बोलत नव्हते. दूध जातंय कुठं, एवढंच कुणी बघत नव्हतं.

आता तो दुसरा प्रकार, पेनासारखं मीटर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडा त्यानं नव्वद सांगितला आणि मशीनचा पंचवीस, बरोबर? नव्वद म्हणजे उत्तम पाणी आहे गं. भारतीय मानकाप्रमाणे पाचशेपर्यंत चालतं, आणि दुसरी सोयच नसेल तर दोन हजारपर्यंत. जिथे टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथे आरओ, म्हणजे असं क्षार काढणारं मशीन, बसवू देऊ नका, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ सालीच सांगितलंय, कारण एक ग्लास पाण्यापायी दोन-तीन ग्लास मोरीत जातात. पण खरी मेख वेगळीच आहे. ते मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं. त्याला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी चार थेंब मिसळलं तर आकडा हलणारसुद्धा नाही, आणि पोरगं मात्र सलाईनवर जाईल.

तुमच्या पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर २०२५ च्या जानेवारीत काय झालं ते तू बघितलंयस. जीबीएसचे, म्हणजे नसांच्या त्या आजाराचे, दोनशेहून जास्त संशयित रुग्ण, धडधाकट माणसं हातपाय लुळे पडून व्हेंटिलेटरवर. कित्येकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा जंतू पोटात जातो, जुलाब होतात, आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत शरीर जंतूशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटतं. पाणी उकळलं की तो मरतो. पाण्यात पुरेसं क्लोरीन असलं तरी मरतो. म्हणजे प्रश्न टीडीएसचा नव्हताच, विहिरीत आणि टाकीत कुणी किती पावडर टाकली, हा होता. आणि हा प्रश्न विचारायचा कुणाला? नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ साली महापालिकेत घेतली, कर सुरू झाला. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून पालिकेत प्रशासक होता. साथ आली तेव्हा ज्याची कॉलर धरावी असा नगरसेवकच नव्हता. त्या महिन्यात तुमच्या भागात फिल्टरवाल्यांची चांदी झाली असणार, हे मी इथं बसून सांगतो.

मी कुणाला नावं ठेवायला मोकळा नाही, हेही ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

नोकरी लागून पाच-सहा वर्षं झाली होती. माझ्याकडे चार गावं होती. आरोग्यसेवकाचं काम म्हणजे घरभेटी, तापाच्या रुग्णाचं रक्त काचपट्टीवर घेणं, आणि पाण्याची ओटी, म्हणजे क्लोरीनची चाचणी. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडिनचा थेंब टाकायचा; पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचा हिशोब हजार लिटरला पाच ग्रॅम, आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. पावडर ग्रामपंचायतीचा शिपाई टाकायचा आणि ओटीचं रजिस्टरही तोच लिहायचा. मी आठवड्यातून एकदा जाऊन सही करायचो. एका गावाचं रजिस्टर इतकं सुंदर होतं की बस. रोज ‘पॉझिटिव्ह’, एकाच शाईत, एकाच वळणात. मला कळत होतं की महिन्याच्या नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यात. पण शिपाई सरपंचाचा चुलतभाऊ, सरपंच सभापतींचा माणूस, आणि माझी बदली हवी तिकडे करून घ्यायची होती. मी सही करत गेलो.

मे महिन्यात गॅस्ट्रो आला. दोन दिवसांत चाळीसेक माणसं. शाळेच्या व्हरांड्यात बाज टाकून सलाईनच्या बाटल्या आढ्याला बांधल्या होत्या. मी ग्रामपंचायतीच्या खोलीत जाऊन टीसीएलची गोणी उघडली तर पावडरचा दगड झालेला. वासही येत नव्हता. उघड्यावर राहिली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं, उरते ती नुसती चुन्याची ढेकळं. माणूस कुणी दगावलं नाही, नशीब माझं. वरून चौकशीला साहेब आले, रजिस्टर बघितलं, रोजची नोंद, माझी सही, सगळं चोख. शेरा काय मारला माहितीये? ‘नियमित शुद्धीकरण होत असल्याचे दिसून येते.’

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच गावात आरओचं पाणी एटीएम बसलं. पाच रुपयांत वीस लिटर. उद्घाटनाला फ्लेक्स, फेटे, नारळ. ज्यांच्याकडे पाच रुपये आणि मोटारसायकल, त्यांनी जार न्यायला सुरुवात केली. ग्रामसभेत पाण्यावरून आरडाओरडा करणारे नेमके हेच लोक होते. ते गप्प झाले. मागे नळाला राहिल्या त्या वरच्या आळीतल्या बाया, आणि त्यांचं तसंही कोण ऐकत होतं? मशीनबद्दल माझी तक्रार असली तर ती ही आहे. मशीन जंतू अडवत नाही असं मी म्हणत नाही. जाळी वेळेवर बदलली तर अडवतं. पण ते घरात आलं की तू सोसायटीच्या मीटिंगला जायची बंद होशील. आणि चिनू दात घासणार त्याच नळावर, कोथिंबीर धुतली जाणार त्याच टाकीच्या पाण्यात.

घड्याळाचंही सांगतो, म्हणजे आई चहाडी करायच्या आधी माझ्याकडूनच कळेल. तू पाठवलेलं घड्याळ मी आठ दिवस घातलं. एकादशीला भजनात बसल्या जागी टाळ वाजवत होतो, तर त्यानं तीन हजार पावलं मोजली आणि वर माझं अभिनंदन केलं. पांडुरंगाच्या दारात खोटी पावलं नकोत म्हणून काढून ठेवलं. रोज दहा हजार पावलं हा आकडा तरी कुठल्या डॉक्टरनं दिला होता? जपानमधल्या एका कंपनीनं १९६५ साली पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं ठेवलं. ऐकायला बरं वाटतं म्हणून. चालणं चांगलंच आहे, मी घाटावर रोज जातो.

आणि वाढदिवसाचं ते ‘फुल बॉडी’ पॅकेज रद्द कर. बहात्तर तपासण्या! आमच्या केंद्रातल्या लॅब टेक्निशियननं मला एकदा कागदावर मांडून दाखवलं होतं. नॉर्मलची हद्द बहुतेक वेळा अशी आखतात की शंभर निरोगी माणसांतली पंचाण्णव आत बसावीत. म्हणजे प्रत्येक तपासणीत पाच ठणठणीत माणसं विनाकारण बाहेर पडतात. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्यास, तर ठणठणीत माणसाचीही एखादी तरी बिघडलेली निघायची शक्यता चौसष्ट टक्के. बहात्तर केल्यावर सुटका नाहीच. मग लाल अक्षरातला आकडा, मग त्याच्यासाठी पुढची तपासणी, मग सोनोग्राफी. माझी साखर आणि क्रिएटिनिन इथल्या ग्रामीण रुग्णालयात होतं. बस झालं तेवढं.

आता हसू नकोस. बीपीचं तुला अर्धवटच माहीत आहे. निवृत्तीच्या वर्षी डॉक्टरांनी एकशे साठ-शंभर काढलं तेव्हा मी त्यांनाच शिकवलं होतं की मशीन डिजिटल आहे, पट्टा लहान आहे, मी जिना चढून आलोय, दवाखान्यात सगळ्यांचंच वाढतं. एकेक मुद्दा खरा होता. आणि त्या खऱ्या मुद्द्यांच्या आड मी दोन वर्षं लपून बसलो. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग कसलं बीपी? हे मीच लोकांना घरोघरी जाऊन समजावलेलं, की बीपी दुखत नाही म्हणून. शेवटी त्या बाईंनी, म्हणजे नव्या डॉक्टर मॅडमनी, वाद घातलाच नाही. मशीन हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘आठवडाभर सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकवा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका, आणि तुम्ही स्वतः लिहून आणा.’ सात दिवस, सात आकडे, सगळे दीडशेच्या वर. माझ्याच अक्षरात. यावेळी रजिस्टर खोटं नव्हतं. तेव्हापासून ॲमलोडिपिनची गोळी चालू आहे. ते मशीन डिजिटलच आहे.

तर त्या पोराला सध्या थांब म्हणून सांग, सूट गेली तर जाऊ दे. पाणी उकळून प्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना दोनच गोष्टी विचार: टाकी शेवटची कधी धुतली, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरतो. पावती दाखवा म्हणावं. तारीख तोंडी सांगतील ती धरू नकोस. वरच्या मजल्यावरच्या त्या वकीलबाईंना सोबत घे, त्यांचा आवाज मोठा आहे. जावईबापूंना म्हणावं मीटिंगला एकदा तरी या, लॅपटॉप घरी ठेवून.

मी शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतोय. कपाटात माझा जुना क्लोरोस्कोप, तो ओटी करायचा संच, सापडला, नळ्या धुवून ठेवल्यात. थेंबांची नवी बाटली केंद्रातून मागून घेतली. आई चिनूसाठी कडबोळी देतेय. तू फक्त वॉचमनकडून गच्चीची किल्ली मागून ठेव, मला टाकीचं झाकण उघडून बघायचंय.

तुझे,
अण्णा