ठकूला, कुर्त्याच्या घडीतून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल उघडलंस की आधी डबा बाहेर काढ, मग कपड्यांना हात लाव. अंडी भाताच्या तुसात पुरली आहेत आणि तूस कपड्यांत सांडला तर आठवडाभर अंगाला टोचत राहील. पत्र मुद्दाम कुर्त्याच्या घडीत घातलं, म्हणजे कुर्ता अंगावर चढवायच्या आधी हातात येईल. रविवारी तू फोन आपटलास (ठेवलास असं तू म्हणशील). त्यानंतर बाबांशी बोललीस, माझी चौकशीही केलीस म्हणे. "आईला सांगा, मी रागावले नाहीये." मग तेच माझ्याशी बोलून सांगितलं असतंस तर? असो. गोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

इकडचं सगळं ठीक. पाऊस म्हणशील तर तीन दिवस नुसता कोसळतोय. खाडीतली बोट कधी चालू, कधी बंद. बाबा बोरिवलीला गेले की परत येईपर्यंत आजी ओटीवरून उठत नाही. मशीनची वादी दमटपणाने सैल पडली, दादाने ती कापून नवी पिन मारून दिली. गौरीच्या साड्यांवरचे ब्लाऊज येऊन पडलेत. यंदा सगळ्यांना पाठीला खिडकी हवी आणि खिडकीला लटकन हवं. भुलेश्वरहून लटकनं आणायला कुणाला वेळ आहे? मीच उरलेल्या कापडाचे गोळे करून लावते, त्यात कापूस भरते. बायका खूश आहेत.

श्रावण लागल्यापासून अंड्यांचं निम्मं गिऱ्हाईक बंद. चर्चजवळच्या आंटी तेवढ्या नेतात आणि पॅगोडा बघून समुद्राकडे जाणारं एखादं कुटुंब गावरान पाटी वाचून थांबतं. गटारीला दादाचा डोळा लंगड्या कोंबड्यावर होता. आजीने त्याला न्हाणीत कोंडून ठेवला. कोंबड्याला, दादाला नव्हे! तर अंडी साठली. ती तुला पाठवायची की नाही म्हणून मी जरा घुटमळले, श्रावणात घरातूनच कशी पाठवायची. आजीनेच निकाल दिला, "औषध म्हणून खायचं त्याला श्रावण लागत नाही." आपल्या सोवळ्यातल्या आजीने हे म्हणावं! आणि तिनेच वाडीभर सांगूनही टाकलंय की नातीला टीबी झालाय, औषध चालू आहे, त्यात लपवायचं काय. तू चिडू नकोस. त्यानंतर कुणी कुजबुजायला उरलंच नाही, हा त्यातला फायदा.

दवाखान्यातल्या ताईंनी बाबांना सांगितलं होतं की एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. आपली अंडी लहान, तेव्हा दोनाच्या जागी तीन खा. मैत्रिणींना वाटून टाकू नकोस. वाटायची असतील तर तसं सांग, मी जास्त पाठवीन.

भुरी खुडूक बसलीय. तू असतीस तर दिवसातून दहा वेळा टोपलीत डोकावली असतीस. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. आठवड्याने रात्री दिवे घालवून, मोबाइलची बॅटरी लावून एकेक बघितलं. नऊ अंड्यांत लाल शिरा पसरलेल्या दिसल्या आणि मधे एक काळा ठिपका हलत होता. दोन फोल निघाली. दादाची पोर मांडीवर होती, तिने त्या उजेडाकडे बघून हात झाडले. भुरी दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, शिटते आणि अंडी गार व्हायच्या आत परत येऊन बसते. चोचीने अंडी फिरवते सुद्धा. एकवीस दिवस हेच. मागे ती तांबडी पंधराव्या दिवशी उठून गेली होती आठवतंय? सगळी अंडी वाया गेली, आतलं पिल्लू जवळजवळ पुरं झालेलं होतं. तिला काय वाटलं असेल, बसून झालं की पुरे. औषधाचंही तसंच असतं गं, मधेच उठलं की

हे बघ, आलाच विषय. आता तू म्हणशील आईने कोंबडीला पण भाषण द्यायला लावलं. पुढचं खोडत नाही, पण वाढवतही नाही.

पिल्लं निघाली की लासोटाचं, म्हणजे मानमोडीच्या लशीचं, बघायला हवं. सातव्या दिवसापर्यंत डोळ्यात एकेक थेंब. बाटली शंभर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की लगेच संपवावी लागते, म्हणून खालच्या वाडीतल्यांनाही सांगून ठेवलंय, सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी आणायची. बाबा बोरिवलीहून थर्मासमध्ये बर्फ घालून आणतील. मागच्या मानमोडीत खुराडं रिकामं झालं होतं ते मी विसरलेले नाही. माना पिळवटून पडलेल्या, हिरवट शीट, आणि बाबा फावडं घेऊन मागे खड्डा खणतायत. कोंबड्यांना वेळेवर औषध मिळावं म्हणून आपण किती धावतो आणि

नाही. थांबले.

कुर्त्याचं सांगते. बाबा तुझ्याकडून आले तेव्हा तुझा निळा टॉप मापाला घेऊन आले होते. तो टेबलावर पसरला आणि माझ्या नेहमीच्या मापावर ठेवला, तेव्हा मी काही बोलले नाही. बाबा समोर होते. मग हा कुर्ता काढला, दोन्ही बाजूंनी बगलेपासून कंबरेपर्यंत दीड-दीड इंच आत घेतला, मुंढाही थोडा वर उचलला. पण कात्री लावलेली नाही. माया सगळी आत तशीच आहे. शिवताना टाका सगळ्यांत लांब ठेवला आणि ताण सैल केला, म्हणजे अंग भरलं की ब्लेडने एका टोकाला दोरा तोडायचा आणि खालचा दोरा धरून ओढायचा, सळसळत निघून येईल. जुनी पक्की शिलाई त्याच्या बाहेर आहे, ती उसवू नकोस. दिवाळीपर्यंत आतली शिलाई निघाली पाहिजे असा माझा हिशेब आहे. वजन बेचाळीस होतं ना? परवा महिन्याचं वजन केलंस तेव्हा किती भरलं ते बाबांना सांगितलं नाहीस. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, तुला तीन आहेत, पन्नासच्या पुढे गेलीस तर चार होतील. त्या चार झाल्या तर मी आजीला पुरणपोळी करायला लावीन.

रविवारी तू म्हणालीस, "आता मला काहीच होत नाहीये. एखादा दिवस राहिली गोळी तर काय बिघडतं?" मग मी जे बोलले ते बोलले. तुझा आवाज खणखणीत होता, खोकला नाही, ताप नाही, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली. बरं वाटतं तेव्हाच माणूस औषध सोडतं.

मामाचं तुला माहीत आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमचे अण्णा साचेखात्यात, मागांवर होते. गिरणी पुन्हा धड उघडलीच नाही. लालबागच्या खोलीत आम्ही सहा माणसं. मामा भिवंडीला पॉवरलूमवर गेला, बारा-बारा तासांची पाळी, झोपायचाही तिथेच, मागांच्या बाजूला. घरी यायचा तेव्हा भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची, मी ती ओल्या फडक्याने पुसायची. मग खोकला. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात नेलं. तेव्हा रोज सुई टोचावी लागायची, नुसत्या गोळ्या नसत. मी शिवणाच्या क्लासहून परस्पर डबा घेऊन जायची, उकडलेली दोन अंडी आणि पेज. एक अंडं तो मला सोलून द्यायचा आणि मी नको म्हटलं की कावायचा. तिसऱ्या महिन्यात त्याचे गाल वर आले. तो हसायचा ना, तर खालचा ओठ एका बाजूला जायचा, दादाच्या पोरीचा तसाच जातो, तू बघच. "मी आता ठणठणीत," म्हणाला आणि पाळी धरली. खाडा झाला की पगार कापायचे, रोज शिवडीला कोण जाणार. घरात कुणी अडवलं नाही कारण घरात पैसा नव्हता. माझं पायमशीन त्याने घेऊन दिलं हे तुला ठाऊक आहे. ते त्याच पाळ्यांच्या पगाराचं.

वर्षभराने दुखणं उलटलं, तेव्हा तीच औषधं लागू पडेनात.

एवढंच लिहायचं होतं, जास्तच लिहिलं. तू मामा नाहीस हे मला कळतं. तू एकटी दवाखान्यात गेलीस, थुंकी तपासायला दिलीस, नाव नोंदवलंस, ऑफिसात स्वतः सांगितलंस आणि मग आम्हाला फोन केलास. फोनवर मी रडले तर तूच मला म्हणालीस, "सहा महिन्यांचा कोर्स आहे आई, पूर्ण बरा होतो." लघवी नारिंगी झाली तेव्हाही घाबरली नाहीस, पाकिटातला कागद वाचून मोकळी झालीस. आमच्या वेळी ते बघून मामाने रक्त म्हणून बोंब ठोकली होती. मी शेजारणीला ही गोष्ट सांगते तेव्हा माझी मान ताठ असते, हे तुला बाबांनी सांगितलं नसेल.

पार्सलात रुमालही आहे. कोपऱ्यात वेल काढलीय, एक पान लाल, एक हिरवं, मुद्दाम जवळजवळ. शोभेची आहे असं समज. पण त्या गोळ्यांतल्या एका औषधाने क्वचित नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो, तेव्हा सकाळी तोंड धुतल्यावर एकदा बघत जा. पानं सारखी दिसली किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. डोळे पिवळे वाटले, उलट्या थांबेनात, तरीही तसंच. त्यांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करायचं नाही. ऐकतेस ना?

सरकारचे पोषणाचे पैसे खात्यात आले का तेही बघ. आधी महिन्याला ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० केलेत. ते तुझे हक्काचे आहेत. त्यातून दूध आण, डाळ आण. मोबाइलचा रिचार्ज मारू नकोस.

आता गणपतीचं. तू येणार की नाही यावर दादा-वहिनी बोलत होते. वहिनीने स्वतःहून म्हटलं की ताईंना बोलवा, पोरीला बीसीजी टोचलेलीच आहे. तुझं म्हणणं मला पटतं, तान्ही आहे, उगाच जोखीम नको. दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासली, डॉक्टर "जा" म्हणाले, की बॅग भर. नाही म्हणाले तर बाबा आणि मी मोदकांचा डबा घेऊन तिकडे येऊ, त्यात काय. पोरीसाठी आजीच्या जुन्या नऊवारीचं दुपटं शिवतेय, चौकडे जोडून झालेत, धावदोरा अर्धा राहिलाय. त्यात एक चौकडा तुझ्या शाळेच्या पिनाफोरचा आहे. खाकी रंग त्या जरीकाठात जरा विद्रूप दिसतो, वहिनी काही बोलली नाही, पण मी काढणार नाही.

आलीस तर येताना रिळं आण, इकडे बोरिवलीत गर्द जांभळा मिळत नाही. नमुन्याचा तुकडा टाचलाय, तोच शेड बघून घे, उन्हात नेऊन बघ, दुकानातल्या ट्यूबखाली नको. आणि मशीनच्या सुया, चौदा नंबर. सोळाच्या आहेत माझ्याकडे, जाड कापडाच्या.

बाबा खोबरं खवतायत, ते म्हणतात पत्र आटप, बोट सुटेल. तुझ्यावर रागावलेले नाही. म्हणजे होते, सोमवारपर्यंत. रोज झोपताना उशाशी फोन घेऊन झोपते आणि आजी म्हणते अंगावर किरणं येतात.

तुझी
आई

ता. क. दोन महिने पुरे झाल्यावर पाकीट बदलतं. चारऐवजी तीन औषधांची गोळी येते, ती पुढे चार महिने. नवं पाकीट हातात आलं की त्याचा फोटो पाठव. बाबांच्या मोबाइलवर पाठवलास तरी चालेल, ते मला दाखवतात.