तेंदू सोडणाऱ्या गावाकडे पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वणव्यांच्या बातम्या येतात आणि 'जंगल गावांच्या हाती दिलं तर संपलंच' हा सूरही हमखास कानी येतो. असं म्हणणाऱ्यांनी गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावकडे एकदा पाहावं, ही कळकळीची विनंती.

गोंड आदिवासींच्या या लहानशा गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेनं विड्यांसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदूचा फड, म्हणजे पानं गोळा करून विकण्याची जागा, ज्यानं पाहिलाय, त्यालाच या निर्णयाची किंमत कळेल. ऐन मे महिन्यातल्या त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर आमच्या भागातल्या कितीतरी घरांचं खरिपाचं बियाणं येतं. पण पान कोवळं आणि भरपूर यावं म्हणून झुडपं छाटतात, रान पेटवतात. छाटलेलं तेंदू फळावर येत नाही. आगीत रोपटी जातात, भुईवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी जातात. पाचगावनं हे थांबवलं आणि बांबूवर भर दिला. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, झाडावर पिकली की माणसांनाही मिळतात, अस्वलांनाही. देवस्थानाभोवतीचं जंगल तर गावानं तोडीपासून पूर्ण राखून ठेवलं आहे.

प्रत्येक गावानं तेंदू सोडावा, असं माझं म्हणणं नाही. बांबू नसलेल्या गावाला ते परवडणार कसं? पण जंगल उद्याही आपलंच राहणार, ही खात्री असली तरच गाव आजच्या पैशावर पाणी सोडतं. ती खात्री द्यायला सरकारी यंत्रणा फार वेळ लावते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असाच हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, तेही तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहेच. मग हक्क मिळालेल्या जंगलात उन्हाळ्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढण्याचं काम, त्याची मजुरी आणि आगीवरची राखण थेट ग्रामसभांकडे द्यावी. आणि सामूहिक हक्कांचे अडकलेले दावे पुढच्या तेंदू हंगामाआधी निकाली काढावेत.

— एक वाचक, चंद्रपूर